शोकाच्या घरी नाताळ

इंदूरहून एका भगिनीने लिहिले आहे: “माझे धाकटे दीर मे महिन्यात अपघातात गेले. यंदा घरात तारा लावायचा नाही, करंज्या करायच्या नाहीत, असे सासूबाईंनी सांगितले आहे. माझी सात आणि अकरा वर्षांची मुले रोज विचारतात. नातेवाईक म्हणतात, ख्रिस्तजन्माच्या आनंदातही जी रडते तिचा विश्वास कमी पडतो. मुलांना नाताळची गोष्ट मी कोणत्या तोंडाने सांगू?”

प्रिय भगिनी,

नातेवाइकांचे ते वाक्य आधी मनातून काढून टाका, कारण त्याला बायबलचा आधार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, परत गेल्यावर हेरोद राजा बेथलेहेमातील दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारवतो आणि तेथे यिर्मया संदेष्ट्याचे वचन येते की राहेल, इस्राएल लोकांची आदिमाता, आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि सांत्वन करून घ्यायला तयार नाही. तिला कोणीही गप्प बसवत नाही. हे रडणे जन्मकथेचाच भाग असताना आपल्या नाताळच्या नाटिकांत मेंढपाळ आणि मागी येतात, राहेल मात्र येत नाही, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

मुलांना यंदा रूथची गोष्ट सांगा. ही गोष्टही बेथलेहेमचीच आहे. दुष्काळामुळे मवाब देशात गेलेली नामी पती आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परतते आणि बायकांना म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोरम आणि मारा म्हणजे कडू. सून रूथ तिच्याबरोबरच आलेली आहे, पण या बोलण्यावर तिने सासूची समजूत घातल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ती सातूच्या शेतात सरवा वेचायला जाते आणि दुपारच्या जेवणात मिळालेल्या भाजलेल्या धान्यातून स्वतःचे पोट भरल्यावर उरलेले सासूसाठी घेऊन येते. त्या संध्याकाळी, कडू हे नाव स्वतःला लावून घेतलेल्या त्याच नामीच्या तोंडून आशीर्वाद निघतो.

तुम्हीही सासूबाईंना समजावू नका. दिरांना जे आवडत असे, सराफा बाजारातला या दिवसांतला गरम गराडू (तळलेला कंद) असेल तर तो, थोडासा आणून त्यांच्यापुढे ठेवा आणि दिरांचे नाव घेऊन बोला. घरात सगळेच ते नाव टाळत असावेत, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. आईला ते नाव ऐकायचे असते.

येथे मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतलेले असताना, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी वारली. तिचे नाव मनोरमा होते. नामीचे ते वाक्य मराठीत आणणाऱ्या या बाईंनी स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. त्यांचा विश्वास कमी पडला, असे तुमच्या नातेवाइकांपैकी कोणी म्हणेल, असे मला वाटत नाही.

रूथला पुढे ओबेद होतो, शेजारणी “नामीला मुलगा झाला” म्हणतात आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत रूथचे नाव येते. हे मुलांना जरूर सांगा, पण ओबेदमुळे नामी आपल्या गेलेल्या मुलांना विसरली, असे मात्र सांगू नका. तसे लिहिलेले नाही. तारा मुलांच्या खोलीत, आजीला आधी विचारून, लहानसा लावावा. करंज्या यंदा राहिल्या तरी चालतील. सासूबाई जेवत किंवा झोपत नसतील, तर मात्र सण संपण्याची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्या.

चोवीस तारखेच्या रात्री त्यांना उपासनेला येण्याचा आग्रह करू नका. तुमचे पती मुलांना घेऊन जातील. तुम्ही सासूबाईंजवळ घरी थांबा.