पावडर पेंट करताना जिगचे नेढे, स्विव्हल आणि गळ कसे वाचवावेत

नमस्कार. घरी ओतलेल्या शिशाच्या जिगांना (गळाभोवती धातूचे डोके ओतलेल्या मासेमारीच्या आमिषांना) पावडर पेंट, म्हणजे तापलेल्या धातूवर वितळणारी रंगाची पूड, दिल्यावर गळाचे नेढे (दोरी ओवायचे भोक) बुजते आणि चमच्यासारख्या जिगमध्ये ओतून बसवलेले स्विव्हल (फिरता सांधा) फिरेनासे होते, म्हणून या भागांना आधी ग्रीस लावून ठेवावे का, असे आपण विचारले आहे. ग्रीस अजिबात लावू नये. तापल्यावर ते पातळ होऊन शिशावर ओघळते आणि जिथे ते पोहोचते तिथे रंगाला खळगे पडतात. उलट रंग देण्यापूर्वी जिग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी लागते.

ही पावडर धातूला चिकटते ती केवळ उष्णतेमुळे. जो भाग पावडर वितळण्याइतका तापला असेल तोच तिला धरतो, त्यामुळे झाकणे हा दुसरा उपाय असून उष्णता हवी तिथेच पोहोचवणे हा पहिला उपाय आहे. हीट गनचा (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचा) झोत सरसकट फिरवला तर गळाची बारीक तार शिशाच्या डोक्याआधी तापते आणि पावडरीत बुडवताच रंग दांडीवर चढतो. यासाठी मी झोत डोक्याच्या जाड बाजूवरच ठेवतो आणि जिग लॉक होणाऱ्या चिमट्याने नेढ्यापाशी धरतो. चिमट्याच्या जबड्यात नेढे झाकलेही जाते आणि तिथली उष्णता चिमटा ओढून घेतो. ज्या साच्यात नेढे डोक्यात इतके खोल बसते की चिमट्याला जागाच उरत नाही, तिथे जिग गळाच्या वाकापाशी धरावी लागते आणि नेढे रंगणारच हे मान्य करावे लागते.

अशा वेळी नेढे साफ करण्याची वेळ महत्त्वाची आहे. बुडवून बाहेर काढल्यावर रंग चकाकू लागला, पण ओव्हनमध्ये अजून पक्का झाला नाही, तेवढ्यात जाड सुई नेढ्यातून आरपार फिरवावी. गार झाल्यानंतर लक्षात आले तरी हरकत नाही, कारण न भाजलेला थर ठिसूळ असतो आणि टोचल्यावर तुकडे होऊन निघतो. भाजल्यानंतर मात्र तो इतका कठीण होतो की ड्रिलशिवाय सुटत नाही. माझ्या पहिल्या घाण्यातली सारी नेढी मी ड्रिलनेच मोकळी केली. त्यात गळावरचा मुलामा खरवडला गेला आणि मोसम संपण्याआधीच तिथे गंज धरला.

स्विव्हलला सुईचा उपयोग नाही, कारण पावडर त्याच्या सांध्यात शिरते आणि तिथून ती काढता येत नाही. त्यावर घट्ट बसणारी सिलिकॉनची नळी चढवावी, नाहीतर ॲल्युमिनियमच्या फॉइलचे दोन पदर पिळून बसवावेत. टेपच वापरायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला पिवळसर-तपकिरी पॉलिइमाइड टेप घ्यावा; विजेच्या कामाचा पीव्हीसी टेप या उष्णतेत आकसतो आणि त्याचा डिंक धातूवर राहतो. आवरण काढताना रंग किंचित कोमट असावा आणि कडेवरून ब्लेडची हलकी रेघ मारावी, अन्यथा आवरणाबरोबर रंगाचा पापुद्राही उचलला जातो. वीड गार्डचे (गळ पाणवनस्पतींत अडकू नये म्हणून लावायच्या ताठ केसांच्या झुबक्याचे) भोक राखण्यासाठी त्यात टेफ्लॉनची खुंटी घालून भाजता येते, कारण टेफ्लॉन २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकते आणि रंग त्याला चिकटत नाही. वीड गार्डचे केस, स्प्लिट रिंग (किल्लीच्या कडीसारखी दुहेरी कडी) आणि फिरती पाती ही सर्व मंडळी भाजून झाल्यावरच जोडावीत. जे नंतर बसवता येते त्याला आधी झाकत बसण्यात अर्थ नाही.

भाजल्याने गळाचे पाणी उतरेल ही भीती बहुतेकांना असते. नेहमीचे पावडर पेंट १७७ अंश सेल्सियसला, म्हणजे ३५० अंश फॅरेनहाइटला, १५ ते २० मिनिटांत पक्के होते आणि तेवढ्या उष्णतेत चांगल्या गळाचे पोलाद नरम पडत नाही. धोका असतो तो उघड्या ज्योतीचा, कारण बारीक टोक क्षणात लालसर होते आणि मग माशाच्या पहिल्या हिसक्यालाच गळ सरळ होतो. शिवाय हवेत उडालेली पावडर ज्योतीवर पेट घेऊ शकते. ओव्हन स्वयंपाकाचा नसावा, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यामध्ये एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगांना बंदी असल्याने पुढे आपण बिस्मथ आणि कथलाचा मिश्रधातू ओतणार आहात, असेही आपण लिहिले आहे. तिथे वरील भाजणी लागू पडत नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून ते ओव्हनमध्ये निर्धास्त राहते. पण ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील असलेला मिश्रधातू १३८ अंशांनाच वितळतो, आणि ८८:१२ प्रमाणाचा घेतला तरी तो वितळायला त्याच तापमानाला सुरुवात होते. १७७ अंशांवर ठेवल्यास ट्रेमध्ये थारोळे आणि वर लटकणारे रिकामे गळ एवढेच हाती लागेल. त्या जिगांना ब्रशने द्यायचा रंग आणि त्यावर दोन घटकांचे इपॉक्सी द्यावे. ब्रश हातात असल्यामुळे नेढे आणि स्विव्हल यांना आवरणाची गरजही पडत नाही.