आधी कुणाचे पैसे द्यायचे?

प्रश्न : गोरेगावला आमची पुठ्ठ्याची खोकी बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वर्षाचा नफा साधारण ८० लाख. त्यातले २ टक्के सीएसआर (कंपनीने सामाजिक कामासाठी करायचा खर्च) म्हणून एखाद्या शाळेला द्यावेत, असे मुलगा म्हणतो. लॅमिनेशन, पंचिंग, पेस्टिंग बाहेरून होते. त्याचे महिन्याला ६ लाख आम्ही ९० दिवसांनी देतो. देणगीचे काय करावे?

उत्तर : सीएसआरची सक्ती तुम्हाला नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार आदल्या वर्षी नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी आकडा गाठावा लागतो. शाळेला द्याल ती साधी देणगी. जरूर द्या, पण आधी एक हिशोब मांडा.

९० दिवसांच्या उधारीमुळे जॉबवर्कवाल्यांचे, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्यांचे, १८ लाख कायम तुमच्याकडे अडकलेले असतात. मुदत १५ दिवसांवर आणलीत तर ३ लाखच राहतील. मधले १५ लाख बँकेकडून १० टक्क्यांनी उचलले तरी वर्षाचे व्याज दीड लाख. मुलाने सुचवलेली देणगी १ लाख ६० हजार! थोडक्यात, शाळेच्या वह्या आज पेस्टिंगवाल्याच्या खिशातून जाणार आहेत.

यात कायदाही आहे. समोरच्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल, तर लेखी करार नसताना पैसे द्यायची मुदत १५ दिवस. करार असला तरी फार तर ४५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. नोंदणी नसलेल्यांनाही तोच नियम लावा. सगळ्यात जास्त ओढाताण त्यांचीच असते. कागदाचे व्यापारी यात येत नाहीत, त्यांची उधारी चालू राहू द्या.

घोळ होतो तो दिवस मोजण्यात. अकाउंटंट बिलाची नोंद झाल्यापासून मोजतो आणि बिल आठवडाभर खणात पडून असते. कायदा माल ताब्यात आल्यापासून मोजतो. म्हणून मालासोबत येणाऱ्या चलनावर गेटवरच तारखेचा शिक्का मारा. पेस्टिंग सुटले असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी कळवा. पैसे द्यायच्या दिवशी फोनवर काढलेली खोट चालत नाही. दर शुक्रवारी, मागच्या शनिवारपर्यंतची सगळी चलने चुकती करा.

जुने १५ लाख एकदम निघणार नाहीत. महिन्याला ३ लाख, सर्वांत लहान युनिटपासून. आणि खरेदीवाल्याला आधीच बजावा : लवकर पैसे देतो म्हणून दर पाडून मागायचा नाही.