टॅलीचा ऑनलाइन कोर्स करतेय, एफ५ दाबलं की पेमेंट व्हाउचरऐवजी पेजच रिफ्रेश होतं. माझं काही चुकतंय का?

तुमचं काहीही चुकत नाहीये. हे आधी सांगते, कारण हाच प्रश्न २०२१ मध्ये एका मुलीने मला रात्री साडेदहाला फोनवर रडत रडत विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये अकरा वर्षं टॅली, म्हणजे हिशोब लिहायचं सॉफ्टवेअर, शिकवत होते. बारा कॉम्प्युटर, बारावी झालेली आणि बीकॉमची पोरं, दुपारच्या बॅचला संसार सांभाळून येणाऱ्या बायका. लॉकडाऊनमध्ये सरांनी एका कंपनीकडून ब्राउझरमध्ये चालणारा कोर्स घेतला. दिसायला हुबेहूब टॅली, पण आतून टॅली नाहीच, ठरलेल्या जागी ठरलेलं केलं की पुढचा स्क्रीन येतो. इन्स्टॉल करायची कटकट नाही म्हणून सगळे खूश होते आणि थिअरीपुरतं ते ठीकही होतं.

पण टॅली म्हणजे एफ कीज, कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एफ१ ते एफ१२, आणि नेमक्या त्याच ब्राउझरलाही लागतात. एफ५ आपलं पेमेंट, म्हणजे पैसे दिल्याची एन्ट्री, ब्राउझरचं रिफ्रेश. एफ६ आपली रिसीट, ब्राउझरमध्ये कर्सर वर अ‍ॅड्रेस बारकडे जातो. एफ७ जर्नल, तर क्रोम विचारतो कॅरेट ब्राउझिंग, म्हणजे पेजवर कर्सर फिरवायची सोय, चालू करू का. एफ११ला फुल स्क्रीन होते, एफ१२ला ते डेव्हलपरचं खिडकीभर कोड उघडतं. क्रोममध्ये एफ८ आणि एफ९ म्हणजे सेल्स आणि परचेस तेवढे सुखरूप. व्हाउचर, म्हणजे केलेली एन्ट्री, डिलीट करायला आल्ट डी दाबलं तर अख्खा अ‍ॅड्रेस सिलेक्ट होतो, आणि लक्ष नसेल तर पुढचं लेजरचं, म्हणजे खात्याचं, नाव तिथे टाइप होऊन एंटर दाबलं की कोर्स जातो आणि गूगल सर्च येतं.

तर त्या मुलीचं झालं असं. ती फलटणजवळच्या गावातून ऑनलाइन परीक्षा देत होती. चाळीस एन्ट्र्या, दीड तास, दोनच प्रयत्न. तीस एन्ट्र्या झाल्या होत्या, त्यात एफ५ अनेकदा दाबलेला, नीट चालला होता. एकतिसावी दुकानभाड्याची, तिने एफ५ दाबलं, पांढरा स्क्रीन आला आणि मग 'परीक्षा सुरू करा' हे बटण. तीस एन्ट्र्या गेल्या आणि एक प्रयत्नही गेला. ती मला म्हणाली, मॅडम मी काय वेगळं केलं हो, आत्तापर्यंत तर चालत होतं.

तिने काय वेगळं केलं ते मला नंतर माझ्या भाच्याने दाखवलं, तो हिंजवडीला वेबसाइटचंच काम करतो. की दाबली की ती आधी पेजला कळते, पेजने 'हे मी बघतो' म्हटलं तर ब्राउझर आपलं काम करत नाही. म्हणजे एफ५ अडवता येतो आणि कोर्सवाल्यांनी तो अडवलाही होता, पण फक्त आतल्या चौकटीत जिथे टॅलीचं चित्र आहे तिथेच. बाहेरच्या पट्टीत घड्याळ आणि प्रश्नपत्रिका होती, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. एकतिसावा प्रश्न वाचायला तिने प्रश्नपत्रिकेवर क्लिक केलं, त्याबरोबर कीज बाहेरच्या पेजला जायला लागल्या. भाच्याने दोनदा करून दाखवलं, आत क्लिक करून एफ५, पेमेंट उघडलं. घड्याळावर क्लिक करून एफ५, पेज गेलं. कधी चालतं कधी नाही असं तुमच्याकडे होत असेल तर कारण बहुतेक हेच. एन्ट्रीच्या आधी दर वेळी आतल्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करा.

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, मग तिला सांग ना, एफ५ दाबू नकोस, स्क्रीनवरच्या बटणावर क्लिक कर, माऊसनेही तेच होतं. आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचला व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना गेली की परीक्षेत एफ कीज वापरू नयेत. मी वाद घातला, तर उत्तर आलं की शॉर्टकट काय, नोकरीला लागल्यावर महिन्याभरात येतात.

नाही येत. ती मुलगी पुढच्या वर्षी पुण्यात आली, कात्रजला कॉट बेसिसवर राहिली आणि मार्केट यार्डात भुसार विभागात एका आडत्याकडे कामाला विचारायला गेली. तिथल्या दिवाणजींनी बिलांचा गठ्ठा काढला आणि आकडे वाचायला सुरुवात केली, हमाली, तोलाई, टेम्पोभाडं. तिथे असंच चालतं, वाचणारा थांबत नाही. डावा हात एफ कीज आणि आल्टवर, उजवा नंबर पॅडवर, मान कागदाकडे, एफ५, लेजर, रक्कम, आणि सेव्ह करायला कंट्रोल ए. हिचा उजवा हात प्रत्येक एन्ट्रीला नंबर पॅड सोडून माऊसकडे जायचा, स्क्रीनवर पेमेंटचं बटण शोधायचा, परत यायचा. चौथ्या चिठ्ठीला दिवाणजी म्हणाले, शिकून या. तिला डेबिट क्रेडिट माझ्या इतर मुलांपेक्षा चांगलं येत होतं, हे मी खात्रीने सांगते.

मग तीन रविवार ती माझ्या घरी आली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर खरं टॅलीप्राइम टाकलं, स्क्रीनवर नॅपकिन टाकला आणि मी किराणा दुकानाची जुनी बिलं मोठ्याने वाचत बसले. पहिल्या रविवारी हात माऊसकडेच जायचा, शेवटी माऊस काढून कपाटात ठेवला. तिसऱ्या रविवारी तिने वीस एन्ट्र्या न बघता केल्या, नॅपकिन काढला तर दोनच चुका, त्याही लेजरच्या स्पेलिंगच्या. नवीन शिकायला कमी वेळ लागला, माऊसची सवय मोडायलाच जास्त लागला. सर, तुम्ही हे वाचत असाल तर माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. मी २०२२ ला तो क्लास सोडला.

तुम्हाला सांगायचं तर टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, लायसन्सशिवाय एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात एन्ट्री १, २ अशा मोजक्याच तारखांना करता येते, सरावाला तेवढं पुरतं. एफ५ ते एफ९ टॅलीच्या जुन्या आवृत्तीत, ईआरपी ९ मध्ये, होते तेच आहेत, मात्र क्रेडिट नोट (विकलेला माल परत आल्याची एन्ट्री) कंट्रोल एफ८ची आल्ट एफ६ झालीय, तेव्हा जुने नोट्स बघून पाठ करू नका. लॅपटॉपवर एफ५ने ब्राइटनेस किंवा आवाज बदलत असेल तर एफएन धरून दाबा, बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ते कायमचं बदलतं.

आणि हो, सगळ्याच कीज पेजला अडवता येत नाहीत. कंट्रोल एन, कंट्रोल टी, कंट्रोल डब्ल्यू क्रोम साध्या टॅबमध्ये स्वतःकडेच ठेवतो. टॅलीप्राइममध्ये कंट्रोल एनला कॅल्क्युलेटर येतो, ब्राउझरमध्ये नवीन खिडकी उघडणार, त्याला कोर्सवाल्यांचा इलाज नाही, फार तर फुल स्क्रीनमध्ये काही करता येतं. टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त मोबाइल किंवा मॅक आहे त्यांना ब्राउझरचाच कोर्स घ्यावा लागतो, त्यांना मी नावं ठेवत नाहीये.

फी भरली असेल तर कोर्स सोडू नका, थिअरी आणि जीएसटीचं तिथे बघा, एन्ट्र्या खऱ्या टॅलीत करा. अजून भरली नसेल तर क्लासमध्ये जाऊन डेमो मागा, प्रश्नपत्रिकेवर एकदा क्लिक करा आणि त्यांच्यासमोर एफ५ दाबून बघा.