अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर पहिल्यांदाच बघताय?

मार्चअखेरीस जात असाल तर उत्तम, अझेलियाची फुलं तेव्हाच भरात असतात. 17 मार्च मात्र टाळा. सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाला त्या दिवशी घरं कमी, माणसंच जास्त दिसतात. गाडी ठेवून द्या आणि सकाळी जॉन्सन स्क्वेअरपासून बुल स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत सुटा. ओगलथॉर्पने 1733 मध्ये वसवलेल्या शहरातले पाच चौक ओळीने लागतात, शेवटी फोर्सिथ पार्क आणि 1858 चं पांढरं कारंजं. मॉन्टेरी स्क्वेअरच्या आधी जोन्स स्ट्रीटवर वळाच: विटांचा रस्ता, उंच पायऱ्यांची घरं, वर ओकची कमान. इथे अर्धा तास गेला तरी चालेल. झाडांवर लोंबणारं ‘स्पॅनिश मॉस’ शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातलं आहे. खाली पडलेलं उचलू नका, बारीक किडे असतात. मी उचललं होतं. आठवडाभर खाजवत होते.