मुलं ३०० वरून ३,००० होणार, तर सर्व्हर केवढा घ्यावा?

तुम्ही विचारलंय की क्लासच्या ऑनलाइन टेस्टचं अ‍ॅप सध्या ३०० मुलं वापरतात, जूनपासून ३,००० होतील, तर होस्टिंग कुठलं घ्यायचं आणि लोड टेस्ट (खोटी गर्दी सोडून सर्व्हरला किती झेपतं ते बघणं) कशी करायची.

होस्टिंगचं नंतर बघू, आधी हिशेब. रात्री ८ ला पेपर उघडतो. ३,००० मुलं ५ मिनिटांत आत शिरली तर सेकंदाला १० मुलं. प्रत्येकाच्या ६ रिक्वेस्ट (अ‍ॅपनं सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) धरल्या तर सेकंदाला ६०. एक रिक्वेस्ट ०.२ सेकंदात उरकत असेल तर एका क्षणी १२ च चालू असतात. हे साध्या सर्व्हरलाही झेपतं. पण डेटाबेसच्या कुठल्याशा टेबलाला इंडेक्स (नोंद झटकन शोधून देणारी सूची) नसला आणि तीच रिक्वेस्ट २ सेकंद खायला लागली, की १२ चे १२० झाले. प्रत्येक रिक्वेस्ट डेटाबेसचं एक कनेक्शन अडवून बसत असेल तर संपलंच, कारण पोस्टग्रेस हा डेटाबेस सेटिंग न बदलता १०० च कनेक्शन देतो. मग सर्व्हर कितीही तगडा असो, मुलांना एररच दिसणार. म्हणून लोड टेस्टच्या डेटाबेसमध्ये दोन-चार लाख उत्तरं आधी भरा. रिकाम्या टेबलावर सगळंच पळतं.

लोड टेस्टसाठी मी के-सिक्स हे टूल वापरतो, जेमीटर येत असेल तर तेही चालेल. फक्त 'इतके युजर' असं न सांगता 'सेकंदाला इतक्या रिक्वेस्ट' असं सांगा. ठरावीक युजर दिले की सर्व्हर मंदावल्यावर टेस्टही उत्तराची वाट बघत मंदावते. खरी मुलं वाट बघत नाहीत, रिफ्रेश मारत सुटतात.

आता माझा गाढवपणा. गणेशमूर्तींच्या बुकिंगच्या साइटसाठी मी स्वस्तातला प्लॅन घेतला. १० मिनिटांची टेस्ट झकास पार पडली. बुकिंग सुरू झालं त्या दिवशी मात्र पाऊण तासात साइट रांगायला लागली. टॉप (सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर 'एसटी'च्या रकान्यात ७० टक्के! (लालपरी नव्हे, स्टील टाइम: आपल्याला सीपीयू हवा असतो, पण खालचं मशीन देत नाही.) प्लॅन बर्स्टेबल निघाला. अशा प्लॅनमध्ये निवांत वेळी क्रेडिट साठतं, गर्दीत ते खर्च होतं आणि संपलं की सीपीयू आवळला जातो. अ‍ॅमेझॉनच्या टी-थ्री मशीनवर १ क्रेडिट म्हणजे एका व्हीसीपीयूचं (आभासी सीपीयूचं) एक मिनिट पूर्ण वेगानं. तिथे अनलिमिटेड मोड चालू असेल तर वेग टिकतो, पण जादाचं बिल येतं.

तुमचा पेपर २ तासांचा असेल तर टेस्टही २ तासच चालवा, आणि डेडिकेटेड सीपीयूचा (सीपीयू फक्त तुमच्यासाठी राखलेला) प्लॅन बघा. तासावर भाडं घेणारे आहेत, दोन-तीन आकार लावून बघायचे आणि उडवायचे. सर्व्हर मुंबई किंवा बंगळुरूचा घ्या. टेस्ट घरच्या वायफायवरून नको, नाहीतर तुमचा राउटरच आधी मान टाकेल.

आणि हो, लोड टेस्ट सुरू करण्याआधी ओटीपीचा एसएमएस बंद केलाय ना, ते दोनदा बघा. सेकंदाला १० एसएमएस गेले तर २ तासांत ७२,००० होतात.