बायको डेंटिस्ट आहे. मुलांसह सगळ्यांना परदेशातल्या दंतशिबिरात सेवेला जाता येईल का? (पुणे)

हो, जरूर जा. फक्त घरातल्या कोणी काय करायचं, हे आधी ठरवा.

वहिनींची इथली नोंदणी तिकडे आपोआप चालत नाही. त्या देशात डेंटिस्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते आणि ती यजमान संस्थेमार्फत काढलेली बरी. नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून परवानगीही लागत नाही असं समजू नका.

हेपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, तेव्हा सहा महिने आधीच सुरुवात करा. केनिया किंवा युगांडाला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

मुलांना वापरलेल्या हत्यारांजवळ फिरकू देऊ नका, धुवायलाही नाही. सुई टोचण्याची भीती तिथेच जास्त. नंबर लावणं, नावं लिहिणं, मोठ्या जबड्याच्या मॉडेलवर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवणं, ही कामं त्यांची. दात काढलेल्या आजींच्या तोंडात कापसाचा बोळा असतो, अर्धा तास बोलायचं नसतं. त्यांच्याशेजारी नुसतं बसणं हेही मोठं काम आहे.

तुम्ही निघाल्यावर कोणाची जखम चिघळली तर कोण बघणार, हे संस्थेला स्पष्ट विचारा. स्थानिक डेंटिस्ट सोबत नसेल तर मी तरी जाणार नाही.

त्याआधी वेल्हे किंवा मुळशीकडच्या एखाद्या शिबिरात चौघंही एक रविवार काढा. मुलांना झेपतं का, ते तिथेच कळेल.