ॲप घेण्याआधी पोरांचं पुस्तक उघडून बघ

बघ गा, शाळेत मास्तर म्हणून नवीन लागलायस म्हणून सांगतो, लगेच पैसे भरून शिकवायचं ॲप घेऊ नकोस. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं असताना मी एक वर्षाचं पॅक घेतलं आणि सगळे धडे महाराष्ट्राच्या पुस्तकाचे, आपली पोरं मराठी मीडियमची असली तरी सिलॅबस कर्नाटकचा, क्रमच जुळेना. आधी दीक्षा हे सरकारी ॲप बघ, २०१७ पासून आहे, फुकट आहे, बोर्ड आणि माध्यम निवडता येतं, व्हिडिओ बेळगावातच डाउनलोड करून ने, पावसाळ्यात तिकडं रेंजचा भरवसा नाही. गणिताला जिओजेब्रा घे, त्यात आकृती काढून हलवता येते, त्रिकोणाचं टोक पोरांनाच ओढू दे, कोन बदलतात पण बेरीज १८०च राहते हे बघायला शेवटच्या बाकावरची पोरगी उठून पुढं आली होती. गूगल फॉर्मवर टेस्ट घेतलीस तर पाचच प्रश्न ठेव, घरात फोन एकच, तोपण बाबा कामावरनं आल्यावर मिळतो.